एक चमचा, एक टँकर

यंदा आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून सोनेरी करंडे वाटले. होते प्लॅस्टिकचेच, पण ट्यूबलाइटखाली असे झगमगत होते की दोघीतिघींनी "पितळी का गं?" म्हणून विचारलंसुद्धा. आमच्या बचतगटातली एक मैत्रीण माझ्या शेजारी बसली होती. वसई पूर्वेला एका गाळ्यात ती कामाला जाते. तिनं करंडा हातात घेतला, तळहातावर जोखल्यासारखा केला आणि म्हणाली, "हा व्हॅक्यूमचा आहे ताई. आमच्याकडचा असता तर जड लागला असता. आमच्याकडे पाण्यात करतात."

मला त्यातलं काही कळलं नाही. कला शाखेची पदवी घेतलेली बाई मी. रसायनशास्त्राशी संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. पण ती करंडा परत ठेवताना तिच्या बोटांकडे लक्ष गेलं. अंगठ्याजवळ आणि मधल्या बोटाच्या पेरावर पट्ट्या होत्या. "भाजलं का गं?" म्हटलं. "नाही हो, कामावरचं आहे. दुखत नाही, पण भरतही नाही," ती म्हणाली आणि पदराखाली हात घेतला.

दुखत नाही पण भरतही नाही! घरी आल्यावरही हे वाक्य डोक्यातून जाईना. पुढच्याच महिन्यात आमच्या महिला मंडळाचं आरोग्य शिबिर होतं. तिला आग्रह करून घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. मसुराच्या दाण्याएवढी, गोल, कडा उचललेली खोल जखम होती, जणू कुणी पोगरानं टोचा मारावा तशी. याआधी तिला तीनदा वेगवेगळी मलमं मिळाली होती. "काम कुठे करता?" हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता. या बाईंनी तो पहिल्यांदा विचारला. मग नाकात टॉर्च मारून पाहिलं, "नाकातून रक्त येतं का? आत खपली धरते का?" असंही विचारलं. मैत्रीण चकित झाली. तिला वाटत होतं, नाकाचा त्रास वसईच्या धुळीचा.

याला क्रोमचा व्रण म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. नवा रोग नाही हा. १९४८ च्या कारखाना कायद्यात जे व्यवसायजन्य आजार सरकारला कळवणं बंधनकारक होतं, त्या यादीत तो नावानिशी होता. पण त्या कायद्यानं वीज वापरणारी जागा 'कारखाना' ठरायला निदान दहा कामगार लागत. सहा-सात बायका आणि दोन पुरुष अशा गाळ्याला तो कायदा कुठे शोधत येणार?

आता हे क्रोम येतं कुठून? मी आधी चुकीचंच समजत होते. मला वाटे, नळाला, शॉवरला जी चांदीसारखी चकाकी असते तिला क्रोम म्हणतात, तेव्हा विष असेल तर तिथेच असणार. मैत्रिणीच्या शेठना भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला वेड्यात न काढता गाळा फिरवून दाखवला, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. "ताई, चकाकी शेवटी येते. खरी भानगड पहिल्या टाकीत," ते म्हणाले.

आपल्या लहानपणी कल्हईवाला यायचा, आठवतंय ना? तो भांडं आधी खसखसून घासायचा, तापवायचा, नवसागर टाकायचा, धूर निघायचा, आणि मगच कथलाचा हात फिरवायचा. मळकट भांड्याला कल्हई धरतच नाही. किंवा "पाट्याला टाकी लावून घ्याऽ" म्हणत येणाऱ्या बाया आठवा. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर चटणी वाटली जात नाही, नुसती सरकते; म्हणून छिन्नीनं त्याला बारीक खाचा पाडायच्या. प्लॅस्टिकचंही तसंच आहे. गुळगुळीत प्लॅस्टिकवर धातू चिकटत नाही, नखानं सोलून निघतो. त्याला आधी खाचा पाडाव्या लागतात, आणि त्या डोळ्यांना दिसू नयेत इतक्या बारीक हव्यात.

नळाच्या मुठी, शॉवर, गाड्यांवरची चकचकीत अक्षरं, मिक्सरचे नॉब, हे बहुतेक एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. त्या प्लॅस्टिकमध्ये रबरासारख्या पदार्थाचे बारीक कण विखुरलेले असतात, चिक्कीत तीळ असावेत तसे. हे तुकडे क्रोमिक अॅसिड आणि सल्फ्युरिक अॅसिडच्या साठ-सत्तर अंशाला तापवलेल्या मिश्रणात काही मिनिटं बुडवले की ते रबराचे कण खाल्ले जातात आणि त्यांच्या जागी खळगे राहतात. गाळ्यात याला 'एचिंग' म्हणतात. पुढे पॅलेडियम नावाच्या अतिशय महाग धातूचे सूक्ष्म कण त्या खळग्यांत बसवतात. त्यांच्या आधारानं विजेशिवाय निकेलचा पातळ थर चढतो. तो चढला की प्लॅस्टिकमधून वीज खेळू लागते, आणि मग तांबं, निकेल, क्रोम असे थर विजेवर चढवायचे. प्लॅस्टिकवर मुलामा देण्याचा हा धंदा जगात १९६० च्या दशकात जोरात सुरू झाला, तेव्हापासून ही पहिली टाकी अशीच चालत आलेली आहे. रंग गडद नारिंगी-तपकिरी. एका लिटरमध्ये साधारण चारशे ग्रॅम क्रोमिक अॅसिड.

क्रोमियम हा धातू तसा दुहेरी स्वभावाचा. त्याचं एक रूप हिरवट, बरंचसं निरुपद्रवी. त्याला रसायनवाले त्रिसंयुजी म्हणतात. दुसरं नारिंगी-पिवळं, ते षट्संयुजी. हे दुसरं शरीराच्या पेशींत सहज शिरतं, आणि आत गेल्यावर पेशींच्या मुळावरच घाव घालतं. कातडीवर व्रण, नाकाच्या मधल्या पडद्याला भोक, दमा, आणि बरीच वर्षं वाफेत काढली तर फुफ्फुसाचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला 'माणसात कर्करोग करणारं' अशा पहिल्याच गटात घातलेलं आहे. अमेरिकेत हिंकली गावच्या पाण्यात हेच क्रोमियम उतरलं होतं. तो खटला १९९६ मध्ये ३३ कोटी ३० लाख डॉलर भरपाईवर मिटला आणि एरिन ब्रॉकोविच या बाईचं नाव सिनेमामुळे जगभर झालं.

इथे एक खुलासा करते, नाहीतर उद्या कुणी बाथरूममधला शॉवर काढून फेकेल! तयार वस्तूवरचं चकाकतं क्रोम हा नुसता धातू असतो, त्यात हे विष नसतं. त्या शॉवरखाली खुशाल अंघोळ करा. त्याची किंमत मोजली आहे ती तुम्ही नाही, टाकीपाशी उभ्या राहिलेल्या बाईनं.

तिथं बाया काय करतात? तुकडे जिगवर लावतात. जिग म्हणजे प्लॅस्टिकचं आवरण दिलेला, आकडे असलेला सांगाडा. त्यावर शे-दीडशे बुचं, मुठी अडकवायच्या, सगळे थर चढल्यावर काढायच्या, पुसायच्या, डाग बघायचे. बारीक बोटांचं, चिकाटीचं काम, म्हणून ते बायकांकडे. टाकीत बुडवायला पुरुष असतो. पण जिग एका टाकीतून दुसरीकडे नेताना जे पाणी गळतं ते जमिनीवर, स्लिपरवर, साडीच्या काठावर. गरम टाकीवर तरंगणारी अदृश्य फवार नाकात. आणि फाटका हातमोजा तर नसलेल्या हातमोज्याहून वाईट, कारण त्यात थेंब आत शिरून दिवसभर बोटाशी राहतो. मैत्रिणीच्या बोटाचं तेच झालं होतं.

आता हा हिशेब बघा. मी वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि शेठकडून तपासून घेतला. कारखान्यानं बाहेर सोडायच्या पाण्यात हे विषारी क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा आपल्याकडचा नियम आहे. टाकीतल्या एका लिटरमध्ये साधारण दोन लाख मिलिग्रॅम क्रोमियम असतं. म्हणजे चहाचा एक चमचा द्राव गळला, तर तो नुसत्या पाण्यानं त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला दहा हजार लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटर म्हणजे आमच्या वसई-विरारच्या भाषेत एक मोठा टँकर. ज्या गावात टँकरच्या शिटीवर बायकांची सकाळ ठरत आली, तिथं एका चमच्याला एक टँकर! अर्थात पातळ करून सोडणं हा उपाय नाही आणि कायद्यालाही तो चालत नाही, हा फक्त अंदाज यावा म्हणून हिशेब.

खरा उपाय जुनाच आहे. पाणी आम्लधर्मी करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकलं की नारिंगी रंग जाऊन हिरवा येतो, म्हणजे विखारी रूपाचं सौम्य रूप होतं. मग चुना घालून त्याचा गाळ खाली बसवायचा आणि तो गाळ तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी पाठवायचा. हे नेटानं करणारे गाळेवाले आहेत. आणि रात्री पाऊस पडायची वाट बघणारेही असतात, हे आपण सगळ्या जाणतो.

वसईत हे जास्त जपायला हवं असं मला वाटतं, आणि ते केवळ माझं गाव म्हणून नाही. मुंबईत जागा महागल्या तसे छोटे धंदे इकडे वालीव, सातिवली, गोखिवरे भागात आले. या वसाहती खासगी गाळ्यांच्या, एमआयडीसीच्या नव्हेत. जिल्ह्यातल्या तारापूरला एमआयडीसी आहे, सांडपाण्याची सामाईक यंत्रणाही आहे, आणि तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूर सर्वांत प्रदूषित ठरलं. मग सुट्या गाळ्यांचं काय होत असेल! पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला विहिरी आणि बावखलं. ऐंशीच्या दशकाअखेर फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली, ती याच पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी. जुलै २०१८ च्या पुरात वसई कित्येक दिवस पाण्याखाली होती. गाळ्यांतही पाणी शिरलं होतं. त्या पाण्यातून आपण मुलांना कडेवर घेऊन गेलो. त्यात कुठल्या टाकीतलं काय मिसळलं, ते त्या वेळी कुणाच्या मनातही आलं नाही.

मग ही पहिली टाकी बदलता येत नाही का? हाच प्रश्न मी शेठना विचारला. ते हसले. म्हणाले, "येते ना. मी करून बघितलंय."

नव्या टाकीत क्रोमिक अॅसिडऐवजी मँगनीजची संयुगं असतात. पोटॅशियम परमँगनेट आपल्याला परकं नाही; विहिरीत टाकायची ती जांभळी पूड. प्लॅस्टिकमधले रबराचे कण खाण्याची ताकद त्यातही आहे आणि ते कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत नाही. पण ते नाजूक. अॅसिडमध्ये राहून राहून ते आपोआप विघटतं, तळाशी काळा गाळ साचतो. म्हणून बरीच वर्षं ते कुणी धंद्यात मनावर घेतलं नाही. अलीकडच्या पद्धतींत विजेच्या साहाय्यानं ते पुन्हा ताजं करत राहायची सोय आहे. "पण क्रोमिक म्हणजे आपलं लोणचं ताई, वर्षानुवर्षं टिकतं. हे नवीन म्हणजे दूध. सारखं लक्ष ठेवा, सारखं तपासा," शेठ म्हणाले. तपासायला प्रयोगशाळा, माणूस आणि पैसा हवा.

आणि एक गंमत झाली म्हणे. जुन्या टाकीत जिगच्या प्लॅस्टिक आवरणावर धातू चढत नसे, नव्या प्रकारात तुकड्यांबरोबर जिगही चकाकू लागले! मग ते निकेल खरवडायचं कोणी? पुन्हा बायांनीच. मैत्रीण म्हणाली, "आम्ही शेठला म्हटलं, आता जिगच विका." ही अडचण फक्त त्यांची नाही, या बिनक्रोमच्या टाक्यांत ती सगळीकडेच येते आणि तिच्यावरचे उपाय पुरवठादार शोधत असतात. शेठनी तो प्रयोग तूर्त बाजूला ठेवला आहे. मला वाईट वाटलं, पण त्यांना दोष देववत नाही. ऑर्डर देणारी बडी कंपनी नगामागे पैशांत भांडते आणि पाच पैसे वाढवून द्यायला तयार नसते.

जपानमध्ये कांतो गाकुइन विद्यापीठातल्या संशोधकांनी ओझोन मिसळलेलं पाणी आणि अतिनील किरण वापरून प्लॅस्टिकचा पृष्ठभाग तयार करायचे प्रयोग केले आहेत. त्यात जड अॅसिडांची गरजच कमी होते. आपल्याकडे कराइकुडीला विद्युत-रसायनाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, मुलाम्याचं शास्त्र हा तिचा जुना विषय. तिथलं ज्ञान हजार चौरस फुटांच्या गाळ्यापर्यंत कसं पोचवायचं, हे काम कुणीतरी अंगावर घ्यायला हवं.

हळदीकुंकवाचा करंडा ज्या व्हॅक्यूम पद्धतीचा होता, तिच्यात तर पाणीच लागत नाही. हवा काढून टाकलेल्या पिंपात अॅल्युमिनियमची वाफ करतात, ती प्लॅस्टिकवर बसते, खाली-वर लॅकरचा हात. सोनेरी रंग हा त्या लॅकरचा. बुचं, बटणं, खेळणी, बक्षिसांचे कप यांना ते पुरतं. नळाच्या मुठीला नाही पुरत, घासून निघून जाईल. आणि लॅकरच्या थिनरचा वास डोकं उठवतो, तिथंही खिडकी आणि पंखा हवाच. बिनविषारी असं जादूचं काही नाही, कमी विषारी आहे.

'कमी विषारी' या शब्दाबद्दलही सावध असावं. टाकीवरची फवार दबावी म्हणून क्रोमिक अॅसिडमध्ये फेस धरणारं एक रसायन घालत. कामगाराचं नाक वाचवायला म्हणून आलेलं हे पीएफओएस निसर्गात नष्टच होत नाही असं निघालं आणि २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. तसंच, "आमच्याकडे त्रिसंयुजी क्रोम आहे, विषारी नाही," असं सांगणारे गाळे भेटतील. ते खोटं बोलत नसतात, पण ते शेवटच्या चकाकीच्या टाकीबद्दल बोलत असतात. तिथं सौम्य क्रोम वापरायला सुरुवात होऊन पुष्कळ वर्षं झाली. आपण विचारायचं ते पहिल्या टाकीबद्दल: "एचिंग कशात करता?"

बाहेरचं जग मात्र हलायला लागलंय. युरोपात २१ सप्टेंबर २०१७ नंतर खास परवानगीशिवाय क्रोमिक अॅसिड वापरता येत नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियानं शोभेच्या क्रोमसाठी ते टप्प्याटप्प्यानं बंद करायचा निर्णय घेतला. एप्रिल २०२५ मध्ये युरोपच्या रसायन संस्थेनं आणखी कडक बंधनांचा प्रस्ताव मांडला. मला भीती ही की तिकडून काम इकडे सरकेल, आणि सरकता सरकता सहा बायांच्या गाळ्यापर्यंत येईल.

तोवर काय? नोकरी सोड, असं मी मैत्रिणीला सांगू शकत नाही. तिच्या पगारावर दोन मुलांच्या शाळा आहेत. तेव्हा जे हातात आहे ते. कोपरापर्यंतचे अखंड रबरी मोजे, ते रोज पाणी भरून बघायचे, कुठे गळतात का. चपलेऐवजी गमबूट. टाकीवरचा वाफ ओढणारा पंखा बंद असेल तर जिगला हात लावायचा नाही. थेंब उडाला तर लगेच भरपूर पाणी, मलम नंतर. कामाची साडी गाळ्यातच बदलायची, घरच्या कपड्यांत धुवायची नाही, तान्ह्या मुलांच्या तर नाहीच नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर न विचारता सांगायचं, मी प्लेटिंगमध्ये काम करते. आणि मैत्रिणींनो, हे तुम्हा सर्वांसाठी: गाळ्यांतून स्वस्तात येणारे केमिकलचे रिकामे ड्रम पाणी साठवायला घेऊ नका. कितीही घासले तरी नको. मी स्वतः एक घेतला होता. त्यात काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. आता तो भंगारात गेला.

एक गोष्ट मात्र बायांच्याच अक्कलहुशारीची निघाली. बूच जिगवर सुलटं लावलं तर द्रोणासारखं भरतं आणि चमचाभर अॅसिड घेऊन पुढच्या टाकीत जातं. अगदी पालथं घातलं तर आत हवा अडकते आणि तेवढा भाग कोरा राहतो. तिरकं लावलं की हवाही निघते आणि द्रावही गळतो. हे मैत्रिणीला आधीपासून ठाऊक होतं, पण ते विचारतंय कोण? टँकरचा हिशेब मी शेठना दाखवला तेव्हा ते जरा गप्प झाले. मग त्यांनी तिलाच जिग लावायची पद्धत बसवायला सांगितलं, आणि टाकीतून काढलेलं जिग तीस सेकंद टाकीवरच टांगून निथळू द्यायचं असा नियम केला. पैसे लागले फक्त टांगायच्या दांडीचे आणि एका भिंतीवरच्या घड्याळाचे. अॅसिडही वाचतं, असं शेठ आता स्वतःच सांगतात.

परवा ती बचतगटाच्या बैठकीला आली होती. जखम भरली आहे. अंगठ्याजवळ गोल पांढरा व्रण राहिलाय, तो बहुधा तसाच राहील. तिला आता पुसायच्या टेबलावर घेतलंय. म्हटलं, "घड्याळ बघतात का गं सगळे?"

"घड्याळ कोण बघतंय ताई! हात गुंतलेले असतात. आम्ही शुभंकरोति म्हणतो, एकदा सावकाश. संपलं की जिग पुढं."